दातवाल्याबद्दलचं माझं मत

वहिनी,

तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे आज, दादाने मॅचिंग सेंटर उघडलं. मी म्हटलं, आठवडाभर राहू दे. तर म्हणाला, "घरी बसून काय करू? भिंती मोजू?" मग उघडलं. अर्धंच शटर. तुमच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. मी आपला शेजारच्या स्टुलावर. त्याचा एक पाय आखूड आहे आणि दादाने किती वेळा म्हटलं तरी तुम्ही तो सुताराकडून नीट करून घेतला नाही. का, ते मला माहीत आहे. "स्टूल डुगडुगला म्हणजे भाऊजी जास्त वेळ बसत नाई," असं तुम्ही फॉल-पिकोवाल्या रंजनाला सांगितलं होतं. मी तरीही सगळी वर्षं बसलोच, हे नोंदवून ठेवतो.

अकराच्या सुमारास देशकर मॅडम आल्या. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेली बाई, उगाच एक शब्द खर्च करणार नाही. तुमच्याकडून नेलेलं पुस्तक पिशवीतून काढलं, काउंटरवर ठेवलं आणि उभ्या राहिल्या. दुसरं पुस्तक मागेनात, जाईनातही. दादा ब्लाउजपिसांच्या गठ्ठ्यांकडे बघत होता, मी काचेखालच्या बटणांकडे. रंजनाचं फॉल-पिकोचं मशीन बंद पडलं. मॅडम कशासाठी थांबल्यात हे आम्हा तिघांनाही कळलं होतं, पण विचारायचं कोणी? शेवटी त्याच म्हणाल्या, "या वेळी जरा लांबवलंय लेखकाने." आणि चष्मा पदराला पुसत पायऱ्या उतरून गेल्या.

मत न विचारता पुस्तक परत घेतलं गेलं, असं या दुकानात पहिल्यांदा झालं, वहिनी.

तुम्हाला माहीत असलेलंच मी पुन्हा सांगणार आहे. इलाज नाही. या घरातल्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे आणि मी फोडणी जास्त घालतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. चुकीचं सांगितलं तर खोडून काढायला तुम्ही होतात. आता मलाच सांभाळून लिहावं लागेल.

तुमचा पराग हैदराबादला नोकरीला लागला आणि पहिल्या दिवाळीला येताना तिथल्या फुटपाथवरून एक जाडजूड जपानी चित्रकथा घेऊन आला. इंग्रजीत भाषांतर केलेली, आत सगळी काळीपांढरी चित्रं. मुखपृष्ठावर काळ्या कोटातला एक लांबडा माणूस, दोन सुळे बाहेर आणि सुजलेल्या गालावरून डोक्यापर्यंत रुमाल बांधलेला. माणसांचं रक्त पिऊन जगणारा व्हॅम्पायर, वय वर्षं तीनशे, आणि त्याची दाढ दुखते. गावात दातांची डॉक्टरीण आहे, तिचा दवाखाना संध्याकाळी उघडतो. एवढीच गोष्ट. त्याचं जपानी नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून रंजनाने त्याचं नाव ठेवलं दातवाला.

तुम्ही सिंदी मेघ्यातून या घरात आलात तेव्हा इंग्रजी घेऊन बीए झालेल्या होतात. त्या इंग्रजीचा या घराला झालेला उपयोग म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं वाचणं. दुपारी दोनला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा तुम्ही ते पुस्तक उघडलंत आणि मी, रंजना आणि अस्तराचं कापड घ्यायला आलेल्या देशकर मॅडम असे आम्ही ऐकायला बसलो. पुस्तक जिथून उघडतात तिथूनच तुम्ही उघडलं. डावीकडून.

जपानी पुस्तक दुसऱ्या बाजूने सुरू होतं, हे हिंगणघाटात कोणाला माहीत असणार? आपण अख्खा पहिला भाग उलटा वाचला.

आणि काय गोष्ट झाली ती! गल्लीत एक बाई पांढरीफटक पडलेली आहे. दातवाला येतो, तिच्या मानेवर वाकतो, बाजूला होतो, की ती बाई टुणकन उठते, पिशवी उचलते आणि बाजाराला जाते. मग दुसरी. मग एक जाडा हवालदार. आपलं सगळ्यांचं एकमत झालं की हा गावभर फिरून लोकांना रक्त देतो आहे. रंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारा, किती देते! म्हणून तं एवढा वाळला." मी म्हटलं, याला सरकारी दवाखान्यात चिकटवायला पाहिजे. डॉक्टरीणबाई मात्र सुरुवातीला त्याच्याशी खूप हसून बोलत होती, मग कमी कमी, आणि शेवटच्या पानावर तर तिने त्याला ओळखलंच नाही. तुम्ही पुस्तक मिटलं आणि म्हणालात, "हे तं लग्नाची गोष्ट दिसते."

दादा काउंटरवरच होता. त्याने मान वर केली नाही.

परागला फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की तुम्ही रिसीव्हर कानापासून लांब धरला. संध्याकाळी तुम्ही आम्हा तिघांना पुन्हा बोलावलंत. चेहरा लाल. उजवीकडून पुस्तक उघडलंत आणि तोच भाग सुलटा वाचलात. दातवाला देत नव्हता, पीत होता. वाचून झाल्यावर आमच्याकडे वळलात. "आता सांगा मत. पटलं का नाई पटलं, अन् काऊन."

मी म्हटलं, "मले उलटंच पटलं."

"भाऊजी, तुमचं सगळंच उलटं."

तो नियम तिथून लागला. पुढचे भाग पराग हैदराबादहून नागपूरला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा आणि हायवेवर उभं राहून पार्सल उतरवून घ्यायचं काम माझं. तुम्ही त्यांना खाकी कव्हर घालायच्या. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी घरी न्यायचं, बाकीच्यांनी दोनला यायचं. पण पुस्तक परत करताना काउंटरसमोर उभं राहून, चारचौघांत, मत द्यायचं. त्याशिवाय पुढचा भाग नाही. कोणी "छान आहे" म्हटलं की तुम्ही मान हलवायच्या. "छान तं चहा बी असते. मत सांग."

मॅडमचं म्हणणं, तीनशे वर्षांत याला एकदाही दात घासावेसे का वाटले नाहीत, हे लेखकाने सांगायला हवं होतं. रंजनाची शंका त्याहून भारी होती. दातवाला आरशात दिसत नाही, मग डॉक्टरीण त्या काडीच्या आरशात त्याची दाढ पाहते कशी? यावर दोन दुपारी गेल्या. तुम्हाला मात्र सगळ्यात काय आवडायचं, तर बोलावल्याशिवाय त्याला कोणाच्या घरात शिरता येत नाही, ते. दवाखान्याच्या दाराबाहेर, पाऊस असो की थंडी, रुमाल बांधून तो नंबर पुकारायची वाट पाहत उभा. "पाहा," तुम्ही म्हणायच्या, "विचारल्याशिवाय आत येत नाई. आपल्या घरात असा एक माणूस दाखवा." आणि पाहायच्या माझ्याकडे. मी तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरातून चिवड्याचा डबा घेऊन येत असायचो.

एक सांगायचं राहिलं होतं. आमच्या घरात कोणाला काय वाटतं हे विचारायची पद्धतच नव्हती. बाबा सांगायचे, आई ऐकायची, दादा हूं करायचा आणि मी विनोद करायचो. माझे विनोद सगळ्यांनी ऐकले, पण "भाऊजी, तुम्हाले काय वाटते?" हा प्रश्न मला पहिल्यांदा तुम्ही विचारला. तोही एका सुळेवाल्या भुताबद्दल. मी तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. चारचौघांत पहिलं मत देताना माझे कान गरम झाले होते आणि तुम्हाला ते दिसलं होतं, पण तुम्ही बोलला नाहीत.

मग तुम्ही थकायला लागलात. दंडावर निळे डाग यायचे, कुठे लागलं म्हणावं तर आठवत नसायचं. वर्ध्याच्या दवाखान्यात कळलं की तुमच्या अंगात रक्त तयार व्हायचंच बंद होत चाललंय. काही आठवड्यांनी जायचं, रक्त चढवून घ्यायचं, परत यायचं. पहिल्या वेळी दादा पलंगापाशी उभा, कोर्टात उभं केल्यासारखा. तुम्ही वर लटकणाऱ्या पिशवीकडे पाहिलंत.

"भाऊजी, आता मीच दातवाली."

"नाई. हा आपलावाला पहिला भाग हाय. उलटावाला."

तुम्ही इतक्या हसलात की सिस्टर रागवायला आली. त्या हसण्यावर मी बरेच दिवस काढले, वहिनी. फार बरेच नाही.

कारण पुढे पुढे एका पिशवीची पुण्याई लवकर सरायला लागली. डॉक्टरांनी मुंबईचं नाव काढलं. तिथे मोठा उपचार, दुसऱ्या कोणाची तरी अस्थिमज्जा, महिने मुंबईतच, खोलीत एकटं, आणि मग होईल किंवा होणार नाही. दादाचं आणि परागचं ठरलं की जायचं. परागने रजा टाकली, तिकिटं काढली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "मले हिंगणघाटातच राहाचं हाय," एवढंच म्हणालात आणि शेवग्याच्या शेंगा सोलत राहिलात.

त्या दिवसापासून घरात भांडी हळू ठेवली जायला लागली. दादाने मला अस्तरांच्या थानामागे ओढलं. "तुह्यं ऐकते ती. तू सांग."

"माह्यं कोण ऐकते या घरात?"

"मत तं मागते न तुले," तो म्हणाला. मी दुसरीकडे पाहिलं.

आणि नेमके त्याच वेळी दोन भाग एकदम आले. शेवटच्या आधीचा आणि शेवटचा. शेवटचा तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवलात, आधीचा दुपारी वाचलात. सगळा हसवणारा. दाढ बरी झाली म्हणून दातवाला गावजेवण घालतो आणि त्यातल्या लसणाने स्वतःच बेशुद्ध पडतो. आणि मग शेवटच्या काही पानांत गंमत संपते. डॉक्टरीण आजारी आहे, वाचणार नाही. तो चावला तर ती वाचेल, पण त्याच्यासारखी होऊन. ऊन नाही, आरसा नाही, शेवट नाही. शेवटच्या पानावर एकच मोठं चित्र. तिच्या मानेवर वाकलेलं त्याचं डोकं, आणि त्याच्या कोटाची कॉलर मुठीत घट्ट धरलेला तिचा हात. शब्द एकही नाही.

तुम्ही पुस्तक आमच्याकडे फिरवलंत. "हा हात ढकलून राह्यला का ओढून राह्यला?"

"ओढून राह्यला," रंजना म्हणाली. "जगाले कोणाले नको असते?" म्हणाली आणि मग तिला कळलं आपण काय बोललो. तिने मशीन सुरू केलं. मशीनवर साडी नव्हती, नुसतीच सुई खालीवर होत होती.

मॅडमनी चित्र चष्म्यावरून पाहिलं, चष्म्यातून पाहिलं. "दोन्ही शक्य आहे. मी उत्तर सोडून देते." तुम्ही तेही मान्य केलंत.

"भाऊजी?"

मी चहा सांगायला गेलो. दुसऱ्या दिवशी चित्रातल्या काळ्या शाईबद्दल बोललो. तिसऱ्या वेळी माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणजे मी तो खिशात ठेवला होता. तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलंत की शेवटचा भाग माझ्यापायी अडलाय. भाजीवालीनेही मला विचारलं, काऊन हो, देऊन टाका न काय द्याचं ते. तुम्ही काय विचारताय ते मला कळत होतं आणि मला कळतंय हे तुम्हाला कळत होतं. ओढून म्हटलं तर मी दादाच्या बाजूने, मुंबईच्या गाडीच्या बाजूने. ढकलून म्हटलं तर मी माझ्या तोंडाने तुम्हाला जा म्हणणार. एवढं साधं होतं ते. मी आयुष्यभर बडबडत आलेलो माणूस, आणि या दोन शब्दांतला एक तोंडातून निघेना.

गाडीच्या आदल्या दुपारी तुम्ही दुकानात येऊन बसलात. उन्हाळा पेटलेला आणि तुमच्या अंगावर शाल. वर घरात परागने बॅग भरून ठेवली होती. दादा दारात उभा होता, ना आत ना बाहेर.

"भाऊजी. मत."

मी तुमच्याकडे पाहिलं. गालाची हाडं वर आली होती. मला वाटलं, हिला जे ऐकायचंय ते देऊन टाकावं, तेवढं तरी आपल्या हातात आहे.

"ढकलून राह्यली," मी म्हटलं.

दादाने मान वळवली. तुम्ही खूश झाला नाहीत.

"काऊन?"

"म्हणजे, तिनं पाह्यलं न त्याचं जगणं. इतके दिवस दात पाह्यता पाह्यता. तिले तसं राहाचं नसन."

"हे तुमचं मत नाई. हे माह्यं हाय. माह्यं मत मलेच काऊन सांगून राह्यले?"

"वहिनी, तसं नाई—"

"मन राखाले मत नाई घेत मी. इतके वर्षं घेतलं का कोणाचं?"

मग मी चिडलो. तुमच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. समोरच्या मेडिकलवाल्याने बाहेर येऊन पाहिलं इतक्या मोठ्याने मी ओरडलो. "ओढून राह्यली! अन् नसन ओढून राह्यली तं ओढाले पाह्यजे तिनं! बाहेर लोक नंबर लावून बसले हायेत तिच्या दवाखान्यात, त्यायचं काय? तो उभा राह्यते दारात मूर्खासारखा, त्याचं काय? कोण बोलावन त्याले आत? हे कोणतं शहाणपण हाय, का सगळ्यायले आपल्या मताची सवय लावाची अन् मंग निघून जाचं?"



तुम्ही ड्रॉवर उघडलात, खाकी कव्हरातलं पुस्तक काढलंत आणि काचेवरून माझ्याकडे सरकवलंत.

"हं. हे मत हाय."

मला वाटलं जिंकलो. दादालाही वाटलं. तो पटकन परागला हाक मारायला वळला, आणि तुम्ही त्याला ऐकू जाईल असं, पण मला म्हणालात, "मत तुमचं, भाऊजी. हात माह्या."

परागने संध्याकाळी तिकिटं रद्द केली आणि स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसला. दादा दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत तुमच्याशी बोलला नाही. जेवताना मात्र त्याने स्वतः उठून तुमच्या वाटीत दही घातलं. दादाला कधी कोणाला वाढताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले असं मी लोकांना सांगतो. ते सगळे चांगले गेले नाहीत. पण दुपारचे दोन चांगले जायचे. तुम्ही पलंगावर, आम्ही भोवती, जुनेच भाग पुन्हा. आणि रोज एकदा तुम्ही मला विचारायच्या, "वाचला का शेवटचा?" मी म्हणायचो, वाचतो. पुस्तक माझ्या कपाटात होतं. मी हात लावला नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच होतं की पुस्तक दिलेल्या माणसाकडून मत घेतल्याशिवाय तुम्ही कधी कोणाला सोडलेलं नाही. मी वाचलंच नाही तर मत देणार कुठून, आणि मत घेतल्याशिवाय तुम्ही जाणार कुठे? हसू नका. पीत असलेल्याला देणारा समजणारा माणूस आहे मी, माझ्याकडून हुशारीची अपेक्षा करू नये.

तुम्ही गेलात. सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर, दादा बाहेर दातण करत असताना. माझं मत न घेता. या एका गोष्टीचा राग मला अजून आहे आणि तेरवीला सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलं बोलून झाल्यावरही तो गेला नाही.

आज मॅडम गेल्यावर मी घरी आलो आणि पुस्तक काढलं. उजवीकडून उघडलं. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, पण पहिल्या पानावर वाचण्यासारखं फार नव्हतं. तेच चित्र होतं, फक्त समोरच्या बाजूने काढलेलं. दातवाल्याचे गुडघे वाकलेत. तीनशे वर्षांचा बाप्या, गावभर माना धुंडाळून आलेला, या एका मानेपाशी त्याला भोवळ आली आहे. तो कोसळतोय. आणि ती बाई, जिला स्वतःला उठवत नाही, अर्धी उठून बसली आहे आणि तो जमिनीवर आपटू नये म्हणून तिने त्याची कॉलर धरून ठेवली आहे. ढकलत नाही, ओढत नाही. तिच्या तोंडात तीनच शब्द आहेत. मी ते दोनदा पाहिले. "आधी खाली बसा."

मी परागला फोन केला. तो म्हणाला, पार्सलमध्ये दोन्ही पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये बंद होती. माझ्या हातात आलं तेव्हा प्लॅस्टिक नव्हतं. कव्हर घातलेलं होतं, कोपरे तुमच्या पद्धतीने आत दुमडलेले, आणि पुस्तक उघडल्याशिवाय तसे दुमडता येत नाहीत. म्हणजे त्या दुपारी तुम्ही मला चारचौघांत विचारत होतात तेव्हा तुम्हाला पहिलं पान माहीत होतं. माझं पहिलं उत्तर चुकलं, दुसरं चुकलं, आणि तुम्ही त्या चुकलेल्या उत्तरावर मला पुस्तक दिलंत. मला ओरडू दिलंत. मी पडत होतो हे तुम्हाला दिसत होतं, वहिनी?

असो. पुस्तक मी पूर्ण वाचलं. संध्याकाळ झाली. आता मत द्यायला पाहिजे, कोणी मागो न मागो. छान आहे म्हणणार नाही.

मला शेवट पटला नाही. काऊन, ते सांगतो. ती बाई जाते. ठीक आहे, तिने ठरवलं होतं. पण तिच्यानंतर तिसऱ्याच पानावर लेखकाने दातवाल्याला गल्लीत शीळ घालत चालताना दाखवलंय. कोट झटकलेला, पाठ ताठ, पाय सरळ. ते खोटं आहे. इतक्या लवकर कोणी उभं राहत नाही.